केरू सायकलवाला आणि माशाचं तेल

केरूच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची आई म्हणायची आणि पुढे बायको चिमाही म्हणू लागली. आईच्या बोलण्यात कौतुक असायचं, एवढाच काय तो फरक. हर्णै बंदरातल्या खारव्याचा हा मुलगा मामाच्या मासेमारीच्या मचव्यावर टिकला नाही. गलबतावर खलाशी म्हणून गेला, तिथून उतरला. मुंबईत सायकलच्या दुकानात वर्षभर पंक्चरं काढली आणि मालक एकदा वाकडं बोलला तसा संध्याकाळी बोट धरली. एखादं काम बिघडलं की निस्तरत बसण्यापेक्षा बंदर गाठायचं, ही त्याची रीत. पळसाला पानं तीनच हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण ती मोजायला तो प्रत्येक झाडापाशी जाऊन यायचा.

एकोणीसशे पंचवीस साली तो रत्नागिरीत परटवण्याच्या घाटीच्या पायथ्याशी झावळ्यांची खोप घालून बसला आणि सायकली दुरुस्त करू लागला. चिमाने लग्नातली पत्र्याची पेटी खोपीत आणली, पण भांडी काही तिच्यातून बाहेर काढली नाहीत. लागेल तेवढं काढायचं, घासून परत पेटीत ठेवायचं. "पुन्हा भरायचा ताप कशाला?" म्हणायची. बरोबरच होतं तिचं.

केरूचा हात मात्र चांगला होता, आणि तोंडही. गिऱ्हाइकाला उपदेश केल्याशिवाय तो सायकल परत देत नसे. "चेनला तेल घालायचा तो एका कडीला एक थेंब. वरचा फडक्यान पुसायचा, नायतर किनाऱ्याची सगळी रेती चेनवर येऊन बसंल." "चाकात हवा हाय का ते अंगठ्यान बघा, डोळ्यान नको." "तार एक ढिली झाली की शेजारची चार ढिली व्हतात, माणसांसारखीच." हे सगळं तो उभ्यानेच सांगायचा, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीने. रत्नागिरीचा खारा वारा लोखंड खातो, पावसाळ्यात तर नव्या सायकलीचाही सांगाडा होतो. केरूने त्यावर हर्णैचा उपाय काढला. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा त्यांना मोरी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. लहानपणी त्याने मामाच्या मचव्याला कोपरापर्यंत हात बुडवून ते लावलं होतं. मग लाकूड वाचतं तर लोखंड का वाचू नये? वैशाख संपत आला की तो सायकल उलटी करायचा आणि हँडलपासून चाकाच्या रिमपर्यंत सगळीकडे ते तेल माखायचा. गंज खरोखरच लागेना. वास असा यायचा की गावातली मांजरं सायकलस्वारांच्या मागे लागायची, पण सायकली टिकत होत्या, आणि केरूही टिकला होता. तीन वर्षं एका जागी! चिमा मनातल्या मनात त्या तेलाला हात जोडायची.

त्या काळच्या गावातल्या सायकलींची चाकं आणि पायडलं एकमेकांना बांधलेली असत. चाक फिरलं की पाय फिरणारच, आणि पाय आवरले की चाक थांबणारच. म्हणजे ब्रेक तो पायातच. अठ्ठावीस साली मुंबईहून दोन नव्या सायकली आल्या. मुंबईला जुनी झालेली गोष्ट रत्नागिरीला नवी असते, तशा नव्या. एक कोर्टातले कारकून आप्पा लिमये यांची, दुसरी पोस्टातल्या तारवाल्या गंगारामची. या सायकलींना 'फ्री व्हील' होतं. उतारावर पाय स्थिर ठेवून बसायचं आणि चाक आपलं टर्र करत फिरत राहायचं. थांबायचं तर हँडलखालचा दांडा दाबायचा, की दोन रबरी गुटके रिमला धरतात.

केरूने असली सायकल मुंबईत पाहिली होती, पण उघडली कधी नव्हती. त्याने आप्पांचं चाक खोललं, आतले दोन लोखंडी चिमटे पाहिले, एकीकडे धरतात आणि दुसरीकडे सुटतात हे पाहिलं, आणि दिवसभर स्वतःशीच हसत राहिला. "पाय बसले तरी चाक चालतंय!" तो चिमाला म्हणाला.

"तुमचा उलटाच हाय," चिमा म्हणाली. "बूड बसला तरी पाय चालतंत."

मे महिन्याच्या अखेरीस आप्पा आणि गंगाराम दोघांनीही एकाच सकाळी सायकली पावसाळ्याच्या तेलाला आणून दिल्या. केरूने नेहमीप्रमाणे माखल्या. हँडल, सांगाडा, तारा, रिम. सवय ती सवय. ओलं तेल कपड्यांना लागू नये म्हणून संध्याकाळी दोघेही आपापली सायकल हाताने ढकलत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा घाटीतून खाली येताना थांबलेच नाहीत. वळणावरच्या गडग्यावर, चिऱ्यांच्या त्या बुटक्या भिंतीवर, जाऊन आदळले आणि उजवा हात कोपरात मोडून बसले. लोक धावले. केरूही धावला.

"दाबला रे, दोन्ही हातांनी दाबला!" आप्पा कण्हत होते. "पण ब्रेकानं दगा दिलान!"

"ती नवी चाकंच घातकी," कुणीतरी म्हणालं. "पाय मोकळे सोडून कुणी उतार उतरतो काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. दोष फ्री व्हीलचा ठरला. आप्पांना चौघांनी उचलून नेलं आणि वाकडी झालेली सायकल केरूच्या खोपीत आणून टाकली. केरूने सहज रिमवर बोट टेकलं. बोट घसरलं. त्याने रबरी गुटका दाबून पाहिला, तर तोही तेल पिऊन बुळबुळीत झाला होता. माशाचा वास नाकात भरला.

जुन्या सायकलींना चाललं ते इथे चाललं नव्हतं. तिथे पाय थांबवत होते, इथे रिमच थांबवणार, आणि रिमलाच त्याने तेल पाजलं होतं. एवढं साधं! आणि हे गावात कुणालाही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं, तो बोलला नाही तर.

खाई त्याला खवखवे. केरू खोपीत चार पावलं जायचा, चार यायचा. पाना उचलायचा, ठेवायचा. दुपारी हंगामातली शेवटची बोट मुंबईला जाणार होती. त्यानंतर दर्या बंद, तो थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. गेलं तर आजच. त्याने पाने, पक्कड, पंप पिशवीत भरायला घेतलं. चिमाने पाहिलं. पेटीचं झाकण दाबून लावलं आणि उंबऱ्यात बसून राहिली.

"तू पेटी घेऊन मागनं ये," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि मांडवी बंदराच्या वाटेला लागला.

अर्ध्या वाटेवर मासळीची पाटी घेऊन चाललेली गोदा भेटली. "केरूदादा, तुमच्या तेलाचा वास घाटीवरच्या सड्यावर पण आला मगाशी," ती हसत म्हणाली. "तारवाला गंगाराम गेला वरती सायकल ढकलीत. तार घेऊन. येताना काय, बसून येतोय सुळकन."

केरू जागच्या जागी थांबला. गंगारामचीही रिम आपणच माखलीय, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. बंदरातून बोटीचा पहिला भोंगा झाला. समोर मांडवी होती, पाठीमागे घाटी. खरं सांगायचं तर त्याचा एक पाय बंदराकडेच उचलला गेला होता. मग त्याने पिशवी तिथेच टाकली आणि घाटीकडे पळत सुटला. उभ्या जन्मात तो अनेकदा पळाला होता, पण कुणापासून तरी. कुणाकडे असा पहिल्यांदाच.

घाटी अर्धी चढला तेव्हा वरून टर्र असा आवाज आला. गंगाराम छत्री पाठीला अडकवून, पाय स्थिर ठेवून, मजेत उतरत होता.

"गंगाराम! ब्रेक नाय तुला! झाडीत घाल, झाडीत!"

गंगारामने दांडा दाबला. सायकल जुमानेना. त्याचा चेहरा पांढरा पडला. केरू बाजूला झाला नाही. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ओढून सायकल आपल्यासकट करवंदीच्या जाळीत घातली. दोघांचीही अंगं काट्यांनी फाटली, पण हाडं शाबूत राहिली.

लोक जमले. "बघा, पुन्हा तीच नवी चाकं!" असं कुणी म्हणतंय तोच केरू उठला. त्याने सायकल उचलून उभी केली.

"चाक बेस हाय," तो म्हणाला. "रिमला तेल मी लावलंय. आप्पांच्या पण. हात माझ्यामुळं मोडला त्यांचा."

खालून बोटीचा शेवटचा भोंगा ऐकू आला. एकेक जण पांगला.

तो पावसाळा वाईट गेला. केरूकडे पंक्चरसुद्धा कुणी आणेना. त्याने तेलाचं मडकं समुद्रात नेऊन ओतलं. गंगारामची सायकल त्याने राखेने आणि रॉकेलने घासली, रिमवर बोट करकरेपर्यंत, आणि नवे गुटके बसवले. आप्पांची वाकडी रिम तारा एकेक आवळत, सैल करत सरळ करायला त्याला पंधरा दिवस लागले. बसून. चिमाने मोजले होते.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, आणि एका सकाळी आप्पा आले. हात गळ्यात नव्हता, पण कोपर सरळ होत नव्हतं. केरू उभा राहिला.

"झाली माझी सायकल?" आप्पांनी विचारलं.

"झाली, आप्पा."

"मग वर घेऊन जा आणि बसून उतर. मी वळणावर उभा राहतो, त्याच गडग्यापाशी. तुला ब्रेक लागला तर मी बसेन."

केरू सायकल घेऊन घाटी चढला. वरून त्याने पाहिलं: आप्पा गडग्याला पाठ लावून रस्त्यातच उभे होते. बाजूला नव्हे, रस्त्यात. त्याने रिमवर पुन्हा एकदा बोट घासून पाहिलं. तो बसला, सुटला. चाक टर्र करू लागलं. वळण आलं, त्याने दांडा दाबला, आणि सायकल आप्पांच्या धोतरापासून हातभर अंतरावर थांबली. केरू ढसढसा रडायला लागला.

"रडतोस काय मेल्या," आप्पा म्हणाले. "यापुढे कुणाची सायकल परत करण्याआधी असा उतरून दाखव. एकही न चुकवता."

त्या दिवसापासून ती रीतच पडली. केरूने दुरुस्त केलेली प्रत्येक सायकल आधी केरू घाटीतून उतरवी, मग मालकाला मिळे. दिवसातून आठ-दहा वेळा वर आणि खाली. कधी गंगारामची, कधी कुणा पाहुण्याची.

त्याच आठवड्यात मांडवीहून बोटीचा भोंगा झाला. चिमाने सवयीने हातातलं काम टाकून नवऱ्याकडे पाहिलं. केरू एक सायकल ढकलत घाटी चढायला लागला होता. तिने पेटी उघडली आणि भांडी काढून फळीवर मांडायला घेतली.