केसाएवढी नाली

आमच्या सरांना कुणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" की ते डोक्यावरचा एक केस उपटून समोरच्याच्या तळहातावर ठेवत. "एवढी नाली. त्यातून रक्त धावतं." सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच 'केसवाले सर' पडलं होतं. मी त्यांचा प्रयोगशाळेतला मदतनीस.

नखाएवढ्या प्लास्टिकच्या चकतीत अशा नाल्या असायच्या. रक्ताचा एक थेंब टाकला की तो आपोआप धावत जाऊन आत वाळवून ठेवलेल्या औषधाला भिडायचा, आणि रंगावरून साखर कळायची. शिराळ्याच्या, पलूसच्या पेशंटनं रिपोर्टसाठी सांगलीला हेलपाटे घालू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. "एक चकती कुणीही करील हो," ते म्हणत, "हजारावी पहिलीसारखी निघाली पाहिजे."

त्यासाठी साचा हवा होता. धातूवर केसाएवढे उंचवटे उठवण्यात सरांची दोन वर्षं गेली आणि सूक्ष्मदर्शकाला लावून लावून डोळे अधू झाले. साताऱ्याच्या एका प्लास्टिक कारखानदारानं मशीन देऊ केलं. पहिल्या चकत्या फक्कड निघाल्या. मालक खूश. म्हणाले, "आता दसऱ्याच्या म्हुर्तावर धडाक्यात सुरू करू."

दसऱ्याला आम्ही एसटीनं पोचलो. आदल्या दिवशी खंडेनवमीची हत्यारांची पूजा झालेली. आमचा साचा पाटावर झेंडूत बसला होता.

"बगा सर," मालक म्हणाले, "कसा आरशागत केलाय! केसागत खरवड उठली हुती त्याच्यावर. म्या सोता घासून काढली. देवाम्होरं तसाच कसा ठेवायचा?"

सरांनी साच्यावरून बोट फिरवलं. ते कुठेही अडलं नाही. "छान केलंत," एवढंच म्हणाले आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या तळहातावर सरांनी किती केस ठेवले होते!

दुसरा साचा झालाच नाही. कॉलेज म्हणालं, आता हा खेळ पुरे. मालक त्याच मशीनवर डब्यांची झाकणं काढू लागले. दर दसऱ्याला सरांना आठवणीनं पेढे पाठवत. सर ते खात. मला बघवत नसे.

पुढे सरांनाच साखर निघाली, आणि उरलेली नजरही गेली. एकदा माझ्यासमोरच घरी आलेल्या डॉक्टरांनी बॅगेतून परदेशी पट्टी काढली, सरांचं बोट टोचलं. थेंब सरसर पट्टीत शिरला.

"धावला?" सरांनी विचारलं.

"धावला."

"नाली केवढी आहे रे?"

मी डोक्यावरचा एक केस उपटून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला.

"आपल्याएवढीच की," ते म्हणाले आणि मूठ मिटली.