मोजणीकाकांचा रविवार

मोजणीकाकांच्या खोलीत खाट नव्हती. खाटेच्या जागी भिंतीला टेकून त्यांची सायकल उभी असे आणि काका तिच्याशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून झोपत. पाथर्डीच्या आमच्या चाळीत बाकी सगळ्यांच्या सायकली अंगणात असायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला ऊन-वारा सोसायची सवय आहे, सूनबाई. तिला कशाला?"

लग्न होऊन मी पाथर्डीला आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सुरू झाला होता. हे ओव्हरसिअर होते. तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर त्यांना नेमलं होतं. दहा-पंधरा दिवसांनी एकदा घरी येत, आले की जेवत आणि झोपत. मी एकोणीस वर्षांची, गावात ओळखीचं कुणी नाही. दोन हंडे पाण्यासाठी सकाळ जायची, उरलेला दिवस जाता जायचा नाही. भिंतीपलीकडे काका राहत. पन्नाशी उलटलेले, मोजणी खात्यात नोकरीला. बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली, एवढं चाळीतल्या बायकांकडून कळलं होतं. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

सायकल काळी, विलायती, उंच दांडीची. कुणा साहेबानं बदलीच्या वेळी विकलेली, ती काकांनी घेतली होती. शनिवारी संध्याकाळी ते ती अंगणात उलटी करत. चेनला तेल देत, चिंधीनं एकेक तार पुसत, मग चाक फिरवून एक डोळा मिटून बघत बसत. "जरासं आऊट आहे," असं म्हणून तारा आवळत, पुन्हा फिरवत. मला त्यात काही वाकडं दिसत नसे. सगळं मनासारखं झालं की दांडीवर टिचकी मारत. "ऐका. हे पोलाद आहे. आता असं करत नाहीत."

पण सायकल पुसणं हा अर्धाच छंद होता. उरलेला अर्धा रविवारी असे. सायकलच्या दांडीखाली बसेल अशी कॅनव्हासची पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती. तिच्यात वही, दोन पेन्सिली, ब्लेड, पाण्याची बाटली आणि भाकरी. पहाटे निघत आणि रस्त्यानं दिसेल ते झाड काढत. देऊळ नाही, माणूस नाही, फक्त झाड. मी कारण विचारलं. "आठवडाभर मी लोकांच्या हद्दी काढतो," ते म्हणाले. "प्रत्येक रेघेवरून भांडण. झाड काढलं की कुणी भांडायला येत नाही."

सायकलचा वेगच झाडं बघायला बरोबर असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "मोटारीत बसलं की झाडं पळतात. पायी गेलं तर दिवसात दोन-चार भेटतात. सायकलवरून जेवढी लक्षात राहतील तेवढीच दिसतात."

रविवारी संध्याकाळी ते मला वही दाखवत. चाळीतल्या बायका बघत असत, म्हणून वही माझ्या उंबऱ्यावर ठेवून स्वतः चार पावलं मागे अंगणात उभे राहत. मी पानं उलटायची, ते तिथूनच सांगायचे. ही बाभूळ, वीज पडून अर्धी जळालेली. ही चिंच, हिच्याखाली मेंढरं बसतात. एक कडुलिंब मात्र वहीत पुन्हा पुन्हा येई. रस्त्याच्या वळणाशी, दगडांच्या ढिगातून वर आलेला, एका अंगाला झुकलेला. कधी गच्च पानांचा, कधी मोहोरलेला, कधी नुसता.

"हा इतक्या वेळा का?"

"जाता-येता वाटेत आहे. सोडून पुढं जाववत नाही."

"मी यायच्या आधी हे सगळं कुणाला दाखवत होता?"

काका म्हणाले, "दाखवायचं कुणाला? वहीत असायचं."

मी रविवारची वाट बघू लागले होते. ते त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

दुष्काळ वाढला तशी वही बदलली. जुन्या पानांच्या कोपऱ्यात काका बारीक अक्षरात 'तोडलं' असं लिहू लागले. जनावरांना चारा नव्हता, चुलीला सरपण नव्हतं. काका तक्रार करत नसत. नुसतं लिहीत.

असाच एक रविवार. यांना ताप भरल्याचा निरोप आला आणि मी सरकारी जीपमधून यांच्या कामाच्या जागी निघाले. पुढं ड्रायव्हर आणि एक मुकादम, मागं मी. वाटेत चाक पंक्चर झालं. दोघं चाक बदलायला उतरले, मी आतच बसले. बाहेर बघितलं तर तेच वळण, तोच दगडांचा ढीग. लिंबाला काकांची सायकल टेकवलेली होती आणि वर एक बाई कोयता घेऊन चढली होती. खाली तिच्या चार शेळ्या, बरगड्या मोजता येतील अशा. काका खाली उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

बाई म्हणत होती, "सायेब, लई दिस बगते तुमाला हितं. तुमचं झाड हाय का ह्ये?"

"नाही. माझं नाही."

"मंग तोडू का? शेळ्या न्हाई जगायच्या आता. तेवढंच हाय बगा आमचं."

काकांनी सायकल बाजूला घेतली, दगडांवर चढले आणि हात वर केले. "ती फांदी वाकवतो मी. तुम्ही तोल सांभाळा."

एकेक फांदी ते वाकवून धरत होते आणि ती तोडत होती. सगळा पाला खाली आला. त्यांनीच भारा बांधून तिच्या डोक्यावर दिला. "लई उपकार झालं," म्हणून ती शेळ्या घेऊन गेली. मागे नुसतं खोड उरलं. काका दगडांवर बसले. पिशवीतून वही काढली, उघडली नाही. मग ती तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते.

मी हाक मारणार होते. पण जवळच दोन परकी माणसं, आणि रडणाऱ्या वडीलधाऱ्या पुरुषाला काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. चाक बसलं, जीप निघाली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तीन दिवसांनी हे बरे झाल्यावर मी परतले. काका अंगणात होते.

"रविवारी कुठं गेला होतात?" मी विचारलं. मला वाटलं, ते सांगतील आणि मग मीही सांगेन.

"फार लांब गेलो नाही," काका म्हणाले. "यजमान बरे आहेत ना?"

त्यानंतर त्यांनी रविवारी सायकल बाहेर काढली नाही. शनिवारी पुसत मात्र नेमानं. माझ्या उंबऱ्यावर वही पुन्हा आली नाही, आणि ती मागायचं मला धैर्य झालं नाही.

पुढच्या वर्षी यांची बदली देवळाली प्रवरा इथं झाली. आमची ट्रंक काकांनी कॅरिअरवर बांधून स्टँडपर्यंत आणली, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं ट्रंक धरत. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडे पाटाचं पाणी आहे. झाडं चांगली असतील. पण काढायला घेऊ नका, सूनबाई. सवय लागते."

देवळालीला खरंच सगळं हिरवं होतं. मी तीन पत्रं लिहिली. दोनांना उत्तर आलं, चार-चार ओळींचं, तब्येतीची चौकशी आणि पाऊसमान. तिसरं परत आलं. काका झोपेतच गेले, शेजाऱ्यांनीच सगळं उरकलं, असं यांच्या खात्यातल्या एकाकडून पुढं कळलं. वह्यांचं काय झालं ते त्याला सांगता आलं नाही.

आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. त्या दिवशी दगडांवर बसलेल्या काकांना वाटलं असेल की हे कुणीही पाहिलेलं नाही. तसंच मानून ते वारले. मी जीपमधून उतरायला हवं होतं. बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं शेजारी जाऊन बसायला हवं होतं.