तिले काय समजते, बोल तू

पन्नाशीला टेकले तेव्हा मी गाडी शिकले. ऑफिस नव्या रायपुरात गेलं आणि जुन्या शहरातल्या आमच्या तात्यापाऱ्यातून रोज पंचवीसेक किलोमीटर जाणं-येणं नशिबी आलं. ऑफिसची बस एक मिनिटही थांबत नसे, आणि आईला उठवून, चहा पाजून निघणारी बाई वेळेवर बसस्टॉपला पोचेल अशी कुठं सोय असते? मग गाडी घेतली, आणि घ्यायचीच तर चांगली म्हणून समोर पडदावाली घेतली. त्या पडद्यावर नकाशा दिसायचा आणि आतून एक बाई रेडिओवरच्या हिंदीत सांगायची, दो सौ मीटर बाद दाएँ मुड़ें. फोनही गाडीला जोडलेला. तो पर्समध्ये पडून राहायचा, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की समोरच्याचा आवाज चारी दारांतून यायचा.

मला याचं भारी कौतुक होतं. माणसांपेक्षा दिव्याचे खांब जास्त असलेल्या त्या नव्या राजधानीच्या रस्त्यावर मी रोज पुण्याच्या भावाला फोन लावायची आणि घर येईपर्यंत बोलत राहायची. बोलणं नेहमी आईवरच यायचं. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आईचं डावं अंग लुळं पडलं त्याला सहा वर्षं होत आली होती. तेव्हापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिच्याजवळ रेल्वेपलीकडच्या गुढियारी वस्तीतली एक बाई असायची. आम्ही तिला बाई म्हणायचो. ती मला दीदी म्हणायची आणि आईला दाई. छत्तीसगढीत दाई म्हणजे आईच.

आता आमच्या मराठी लोकांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. रायपुरात आमच्या चार पिढ्या गेल्या, बाहेर सगळा व्यवहार हिंदीत. पण कुणापासून काही लपवायचं असलं की आम्ही पटकन मराठीत शिरतो. लहानपणी गोल बाजारात साडीवाल्यासमोर आई सरळ म्हणायची, "लय जास्त सांगून राहिला हा, उठ." पाहुण्यांसमोर म्हणायची, "दूध संपलं, चहाचं विचारू नोको." आणि पाहुणे हसून मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, आपण पडद्यामागं आहोत. एवढ्या वर्षांत पडद्यामागून कोणकोण ऐकत होतं, कुणाला ठाऊक. आम्ही कधी वाकून बघितलं नाही.

ते नवरात्राचे दिवस होते. नव्या रायपुरात मला सरकारी क्वार्टर मिळालं होतं आणि दिवाळीनंतर तिकडं राहायला जायचं ठरलं होतं. बाईला अजून काही सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी चौकाचौकांत दुर्गेचे पंडाल उभारलेले, रस्ते अडवलेले, शेअर ऑटो बंद. बाई दारात पिशवी घेऊन उभी. मी शेजारच्या काकूंना अर्धा तास आईजवळ बसवलं आणि बाईला म्हटलं, "चलो, आज कार से छोड़ देती हूँ." खरं सांगायचं तर दयेपेक्षा मिरवण्याची हौस जास्त होती.

ती मागं बसायला निघाली, मीच तिला पुढं बसवलं. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टुंग टुंग करायला लागली. तिला तो लावता येईना, तेव्हा मी हात लांबवून लावून दिला. पिशवी मांडीवर घेऊन ती ताठ बसली. मी पडद्यावर गुढियारी टाकलं आणि म्हटलं, "अब देखो, मशीन रास्ता बताएगी." ती म्हणाली, "हव दीदी."

दोन चौक गेलो नाही तोच भावाचा फोन आला. मी ऐटीत बटण दाबलं.

"गाडीत आहे का? एकटीच आहे?" त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा.

"बाई आहे बाजूले," मी म्हटलं. "तिले काय समजते, बोल तू."

हे वाक्य मी ज्या सहजपणे बोलले, तो सहजपणा आठवला की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

भावानं नव्या क्वार्टरजवळची एक एजन्सी शोधली होती. शिकलेली अटेंडंट, गणवेश, सकाळ-संध्याकाळची पाळी. मग म्हणाला, "त्या बाईचं काय? सांगितलं का तिले?"

"वेडी आहे का मी? आता सांगितलं तर उद्यापासून येणं बंद करन. मंग दिवाळीपर्यंत आईले कोण पाहीन? घर बदलायच्या आदल्या दिवशी सांगीन."

"आईले सवय झाली ना पण तिची."

"सवय काय, आठ दिवसांत मोडते. आई ओळखते कोणाले आता? तिले हे बाई काय अन् दुसरी काय. अन् खरं सांगू का, हिच्या तोंडाले गुडाखूचा वास येते. आईच्या इतक्या जवळ जाऊन बोलते, मले किळस वाटते."

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा. इकडच्या बायका बोटानं दातांना चोळतात.

बाई समोर बघत होती. पिशवीवरचे हात होते तिथंच होते. मी तिला पट्ट्यानं बांधून, आवाज चढवून, चारी दारांतून हे ऐकवलं.

फोन ठेवला तेव्हा आम्ही रेल्वेच्या पुलाखालून पलीकडं निघालो होतो. पुढं पंडालनं रस्ता बंद. पडद्यातली बाई म्हणाली, यू-टर्न लें. मी वळवली तर ती पुन्हा त्याच पंडालवर घेऊन आली. तिसऱ्यांदा यू-टर्न लें म्हणाली तेव्हा मागचे ऑटोवाले भोंगे वाजवायला लागले. मला घाम फुटला.

"मशीनले राहू दे, दीदी," शेजारून आवाज आला. "इकून डावीकडे घे. समोर पिठाची चक्की लागते, तिकून उजवीकडे वळव. घाबरू नोको बापा, हळू घे."

मी ब्रेक दाबला. हे आईचं मराठी होतं. वर्धेकडचं, माझ्या आजोळचं, शब्दामागं 'बापा' लावणारं. मला ती सहा वर्षं 'आप' म्हणत आलेली, इथं मात्र तूवर आली होती; कारण तिनं ऐकलेलं मराठी सगळं आईच्या तोंडचं, आणि आईनं तिला कधी अहो-जाहो केलंच नव्हतं.

तिच्या आवाजात राग नव्हता. चक्की आली, मी उजवीकडं वळले. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "बस, इथंच." पट्टा तिला निघेना. मी वाकून काढून दिला. तिच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना मी एकटीच होते आणि मला साधा हिशेब सुटला, जो सहा वर्षांत सुटला नव्हता. अंग लुळं पडलं तेव्हाच आईची हिंदी गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा तेवढी उरते. डॉक्टरांनी हे मलाच सांगितलं होतं. मग मी ऑफिसात असताना रोज दहा तास त्या दोघी कोणत्या भाषेत बोलत असतील, असं मला वाटत होतं? मला काहीच वाटत नव्हतं. आई कुणाला ओळखत नाही असं मी छातीठोक सांगत होते, आणि आईनं त्या घरात बसून एका परक्या बाईला पुरतं मराठी शिकवलं होतं.

ती उद्या येणार नाही, अशी माझी खात्री होती. ती बरोबर आठला आली. चपला काढल्या, हात धुतले, "दाई उठी?" म्हणून विचारलं. माझ्याशी पुन्हा हिंदीच. माझ्याजवळून आत गेली तेव्हा लवंगेचा वास आला. त्या दिवसापासून ती रोज लवंग चघळत यायची.

मी माफी मागायला हवी होती. रोज सकाळी मागायचं ठरवायचे आणि 'दवाई दे देना' म्हणून निघून जायचे. चोराच्या मनात चांदणं. तिनं ग्लास जरा जोरात ठेवला तरी मला वाटायचं, आता बोलेल. ती बोलली नाही. दिवाळीला मी तिला दरवर्षीपेक्षा भारी साडी आणली. तिनं ती डोक्याला लावली आणि पिशवीत ठेवली.

घर बदलायच्या दोन दिवस आधी मी स्वयंपाकघरात खोक्यांत भांडी भरत होते. आतून बाईचा आवाज आला.

"दाई, मी गावाले जाऊन राहिली. सुनेले पोट्टी झाली, तिच्यापाशी कोणी नाही. आता मी नाही येत."

मग आई, जिला म्हणे कुणी ओळखू येत नव्हतं, स्वच्छ म्हणाली, "मले टाकून चालली? जाय. तोंड नोको दाखवू मले."

बाई म्हणाली, "हव दाई."

मी हातात पातेलं घेऊन उभी होते. मला दोन पावलं टाकून सांगता आलं असतं, की आई, ती जात नाहीये, मी तिला काढते आहे. मी ते केलं नाही. आणि लाज वाटते पण लिहिते, मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. भावाला मी तसंच कळवलंसुद्धा.

नव्या क्वार्टरमध्ये निळ्या गणवेशातली मुलगी आली. ती वेळेची पक्की होती, कामात स्वच्छ होती आणि आईशी अदबीनं हिंदी बोलायची. आई भिंतीकडं तोंड करून पडायची. एकदा रविवारी मी तिला वरणभात भरवत होते तेव्हा तिनं विचारलं, "गेली ना ते मले टाकून?"

"हव," मी म्हटलं. "गेली."

पुढं आई बोलेनाशीच झाली. उन्हाळा लागला आणि ती गेली.

तेरावं झाल्यावर मी आईची एक धुवट नऊवारी घेऊन निघाले. गाडीच्या पडद्यावर जुन्या ठिकाणांच्या यादीत गुढियारी अजून होतं. त्यावर बोट ठेवलं. या वेळी रस्ते मोकळे होते, मशीननं मला मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं आणि पोचलात म्हणून सांगून टाकलं. पुढं मला तिचेच शब्द आठवले. पिठाची चक्की, तिकून उजवीकडे, हळू घे.

ती दारातच भांडी घासत होती. कुठल्याही गावाला गेलेली नव्हती. घरात बाळ नव्हतं, सूनही नव्हती. मला बघून हात पदराला पुसत उठली. माझ्या हातातली साडी तिनं ओळखली आणि तिला सांगायची गरज पडली नाही.

बराच वेळ ती रडली. मग तिनं हळूच मराठीत विचारलं, "दाई माह्यावर रागावूनच गेली का?"

खरं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. तिला बरं वाटावं म्हणून, आणि थोडं मलाही बरं वाटावं म्हणून, मी म्हटलं, "नाही गं. मी आईले खरं सांगितलं होतं नंतर. तू गेली नाही, मीच तुले काढलं म्हणून. तर ते म्हणे, बाईले बोलाव."

"म्हणे अशी?"

"हव. दोन-तीनदा म्हणे."

तिनं साडी छातीशी धरली. चेहरा जरा उजळला. मग हळूहळू तिच्या कपाळावर आठी आली.

"मंग बोलावलं काहून नाही, दीदी?" तिनं विचारलं. "माह्या फोनचा नंबर होता ना तुह्यापाशी."

नंबर होता. गाडीत बटण दाबून नुसतं 'बाई' म्हटलं असतं तरी लागला असता. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं.