बावखलाचा तळ

दादाच्या तेराव्याचं जेवण उरकलं, पानं उचलली गेली, आणि हात धुवायला म्हणून मागच्या दारानं वाडीत गेलेले पुरुष बराच वेळ परत आले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. बाहेर बघतच ती म्हणाली, "बावखलाकडं उभे आहेत. बुजवायचं बोलत असतील."

तेच बोलत होते.

भुईगावातली ही वाडी माझं माहेर. दादा माझ्याहून मोठा. वडिलांनंतर वाडी त्यानं सांभाळली. मी लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात आले, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. अंतर फार नाही, पण मनवेलपाड्यात पाणी नळाला किती वाजता येतं एवढंच माणसाला ठाऊक असतं. ते कुठून येतं, कसं टिकतं, हा प्रश्न तिथं पडत नाही.

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान असं वाडीच्या मधोमध खणलेलं गोडं पाणी. त्याला बांधीव काठ नसतो, पायऱ्या नसतात. घरांची जोती उंच करायला जुन्या लोकांनी माती काढली, खड्डे राहिले आणि ते पावसानं भरले, असं सांगतात. आमच्या बावखलात चार घरांचे वाटे. एक आमचं, दोन चुलतभावांची आणि चौथं कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती मावशींचं. रक्ताचं नातं त्यांच्याशी नाही, पण मावशी म्हणूनच आम्ही वाढलो.

वर्षातून एकदा, पाणी अगदी खाली गेलं की, गाळ काढायचा. आम्ही चैत्र सरला म्हणायचो, मावशी पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला म्हणायच्या. दिवस साधारण तेच. प्रत्येक घरानं एक माणूस आणि एक टोपली आणायची. ज्या घराची टोपली आली, त्याच घरानं त्या वर्षी बावखलाबद्दल तोंड उघडायचं. पाण्याची पाळी, काठावरचं झाड, कुणाचं पाणी उपसायचं नवं इंजिन, काहीही असो. टोपली नाही तर शब्द नाही. लिहून ठेवलेलं काही नव्हतं, पण यावरून भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही.

गाळ काळा, मऊ, कुजलेल्या पानांच्या वासाचा. तो राजेळी केळीच्या आळ्यांत जायचा. त्याच्याखाली निळसर चिकण माती लागली की काम थांबायचं. वडील काठावर येऊन बसायचे, चहा यायचा, कुणीतरी गाणं म्हणायचं. चिकण आली की थांबायचं, हे जेवण झालं की उठायचं इतकं साधं होतं. चिकण टोपलीला धरून बसते, उचलायला जड आणि केळीला काही कामाची नाही, म्हणून थांबतात, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. माणसं दमत म्हणून थांबत, असंही वाटायचं.

मग उन्हाळे बदलले. होळीच्या आतच अंगाची लाही होऊ लागली. पाऊस चार दिवसांत महिन्याचा पडायचा आणि मग महिनाभर दडी मारायचा. गल्लीत बोअर आले. किनाऱ्यावर समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत येऊन पोचला. बावखल चैत्रातच तळ दाखवू लागलं. गाळाला माणसं मिळेनात. मुलं सकाळीच कचेऱ्यांना निघून जात. थोरला चुलतभाऊ तेव्हापासूनच म्हणत होता की खड्डा बुजवून भाड्याच्या खोल्या काढू. दादानं त्याला सांगितलं, "एकदा नीट साफ करू, मग बोल." आणि त्यानं पोकलेन आणलं.

सगळे खूश होते. चुलतभाऊसुद्धा. पोकलेनला ना गाळ जड ना चिकण. निळी माती निघाली, तिच्याखालची वाळू निघाली, वाळूत शिंपल्यांचे तुकडे होते. आणि पाणी असं उसळलं की चालकाला यंत्र घाईघाईनं वर घ्यावं लागलं. त्या दिवशी दादाचा फोन आला. "बाय, पानी बघायला ये. तळ दिसतो तळ! बाबांनी बघायला पायजे होतं."

मी गेले. पाणी खरोखर काचेसारखं होतं. घरातलं बोलणं बोलताना दादा कायम पानीच म्हणायचा, आणि त्या दिवशी तो ते फार वेळा म्हणाला.

पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. पुढच्या फाल्गुनात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. दादा म्हणाला, ऊन फार आहे. वहिनीचा मोगरा होता, दहा-बारा झाडांची रांग. तिचे कळे ती पहाटे खुडून बाजाराला पाठवायची. ते कळे उमलण्याआधीच पिवळे पडून गळू लागले. दादा म्हणाला, कीड आहे, औषध मारू. मावशींनी एकदा ओंजळीत पाणी घेतलं आणि थुंकलं. "खारट झालंय रे." दादा त्यांच्यावर चिडला. मावशींवर चिडलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पाणी गोडच आहे म्हणत तो चार महिने तेच पाणी वाडीला देत राहिला. राजेळीची निम्मी वाडी गेली.

त्यानंतरच्या माघात दादा गेला. गावात काहीजण म्हणाले, त्या पाण्यानं त्याला नेलं. तसं काही नाही. त्याचं हृदय आधीपासून कमजोर होतं. पण शेवटच्या दिवसांत तो वाडीकडची खिडकी उघडू देत नसे, हे खरं.

दादा गेल्यावर, वाचायची सवय म्हणून, मी या जमिनीबद्दल मिळेल ते वाचलं. समुद्रकाठच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्यावर तरंगत राहतं, दुधावर साय राहते तसं. चारी बाजूंनी उपसा झाला की साय पातळ होते, आणि खोल गेलं की फाटते. आमच्या बावखलात त्या दोहोंच्या मध्ये ती निळी चिकण होती. म्हणजे जुन्या लोकांनी थांबण्याची जागा बरोबर धरली होती. थांबण्याचं कारण मात्र वाटेत कुठंतरी सांडलं, आणि आमच्यापर्यंत चहा आणि गाणं तेवढं आलं.

हे मी वहिनीला सुतकातच सांगितलं होतं. तर तेराव्याच्या दिवशी वहिनी पदर खोचून बाहेर गेली. मीही मागोमाग गेले. चुलतभाऊ काठावर उभा होता, शेजारी त्याचा धाकटा भाऊ. मावशी निंबाऱ्याच्या झाडाखाली दगडावर टेकल्या होत्या.

चुलतभाऊ जरा वरमला. "वहिनी, आजचा दिवस नव्हे खरा. पन विषय निघाला."

"निघाला की काढला?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमी गप बसा. खारं पानी काय लोणच्यात घालायचं? डास तेवढे होतात. आपन सगळे मिळून बुजवू, पाडलेल्या इमारतींचं रॅबिट फुकट आणून टाकतात."

"फुकट! तुझ्या बारशाला तुझ्या बापानं पेढे फुकट आनले होते, तेव्हापास्नं तुला सवय."

धाकटा भाऊ हसला, मग तेरावं आठवून गप्प झाला.

वहिनी म्हणाली, "भावोजी, बुजवायचं तर बुजवू. पण रॅबिटनं नाही. पोकलेननं काढलेली चिकण मागं माडांच्या रांगेशी पडली आहे. तीच परत तळाला घालू. फाटलंय तिथं ठिगळ लावू."

"वहिनी, ते काय लुगडं आहे?"

"नसेल. पण करून बघते. या पावसात भरू दे, इंजिन कुणी लावायचं नाही. पुढच्या चैत्रात त्या पाण्यावर मोगरा फुलला, तर बावखल राहील. कळे गळले, तर तुम्ही म्हणाल तसं."

चुलतभाऊ मान खाली घालून म्हणाला, "बोलायचं म्हंजे टोपली लागते, वहिनी. दादाबरोबर तुमची टोपली गेली. रागावू नका, रीत सांगतो."

वहिनी वळली. पडवीत गेली आणि टोपली घेऊन आली. आजवर कुठल्याच घराची बाई टोपली घेऊन बावखलात उतरलेली नव्हती. ती सरळ काठ उतरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली, तेराव्याच्या नव्या लुगड्यानिशी. शेवटी चुलतभाऊच म्हणाला, "बरं, बरं. वर या आता. चैत्रापर्यंत."

वैशाखात आम्ही चिकण परत नेली. दरवर्षी टोपल्या बावखलातून वाडीत जात. त्या वर्षी वाडीतून बावखलात आल्या. पाणी उपसून काढलं होतं तरी तळातून झिरपत होतंच. चिकण भिजवायची, पायांनी तुडवायची, थापायची, वर दुसरा थर. माहेरवाशिणीनं यात पडायचं नसतं, पण माणसं कमी होती. मी टोपली उचलली तेव्हा चुलतभाऊ वरून ओरडला, "बाय, तू पुस्तकं उचल गं! ती कोरडी असतात!" मग स्वतःच खाली उतरला आणि माझ्या हातातली टोपली घेऊन पुढं गेला. त्याला बावखल बुजवायचं होतं आणि तरीही तो तीन दिवस चिकण तुडवत होता. मी त्याबद्दल त्याला काही विचारलं नाही. दादाचा तो लहानपणचा सवंगडी होता.

त्या पावसाळ्यात बावखल भरलं. हिवाळाभर कुणी इंजिन लावलं नाही. माघात दादाचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी पाणी चाखलं. मला ते गोड लागलं. मी वहिनीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हांला ते गोड लागायला हवं आहे." मग मी पुन्हा चाखलं नाही.

चैत्रात मी आठवडाभर माहेरी राहिले. वहिनी रोज सकाळी कळशीनं मोगऱ्याला पाणी घालायची. झाडं हिरवी होती, कळे धरले होते, आणि मला वाटलं झालं. पाचव्या दिवशी सकाळी आळ्यात कळे पडलेले दिसले. सगळे नव्हते. काही झाडावर होते, पण पिवळी झाक सगळ्यांवर होती. वहिनी ओणवी होऊन एकेक वेचत होती आणि पदराच्या ओट्यात टाकत होती.

मी म्हटलं, "वहिनी, हे कोण बघायला येणार आहे? बाजारातून कळे आणू या. फुलला म्हणून सांगून टाका. अजून एक पावसाळा मिळाला तर खरंच फुलेल."

ती वेचायची थांबली नाही. "तुमच्या दादानं पाणी गोडच आहे म्हणत चार महिने केळी मारली. मी बघत होते. मला तसं नाही करायचं."

संध्याकाळी चारही घरं काठावर जमली. वहिनीनं ओटा उघडून दाखवला. म्हणाली, "कळे गळले. गेल्या वेळेपेक्षा कमी गळले. माड चांगले आहेत. केळ अर्धी टिकली. मोगरा नाही टिकला."

चुलतभावानं एक कळा उचलून बोटांत फिरवला. त्यानं रागानं काही बोलावं असं मला वाटत होतं. म्हणजे मलाही उलट बोलता आलं असतं. पण तो हळूच म्हणाला, "वहिनी, शब्द तुमचाच होता."

"होता. मी नाही म्हणत नाही."

"माझी टोपली अजून आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्या वाट्याचं मी बुजवनार नाय. पोरी, तूही बुजवू नको. शब्द तू त्याला दिलास, मला नाय दिलास."

बराच वेळ त्यावर बोलणं झालं. आवाज चढले. मावशींनी चुलतभावाच्या बापाचे पेढे पुन्हा काढले, पण या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही चुलतभावांनी आपल्या अंगाचं अर्धं बुजवायचं, आमचं आणि मावशींचं अर्धं राहील. मधे काळ्या दगडाची भिंत घालायची.

गाडी गल्लीत शिरेना म्हणून रॅबिट हातगाड्यांवरून आलं. तुळिंजला कुठली तरी जुनी इमारत पाडली होती, तिचं. त्यात फरशांचे तुकडे होते, निळा रंग दिलेल्या भिंतींचे तुकडे होते, एका कपाटाचं दार होतं. बुजवताना पाण्यातले बेडूक भिंतीच्या आमच्या अंगाला आले. काही आले नसतील. चुलतभाऊ सगळा वेळ उभा होता, आणि हातगाडीवाल्याला मधूनमधून ओरडत होता की भिंतीच्या पलीकडं दगड जाऊ देऊ नको.

आता तिकडं खोल्यांची जोती उठली आहेत. इकडं अर्धं बावखल आहे. भिंत त्याच्या उरलेल्या तळाला धरून राहील की तिच्या वजनानं चिकण पुन्हा फाटेल, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. वहिनी मोगऱ्याची रांग काढायला तयार नाही. गेल्या रविवारी मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, नवे कळे धरले आहेत. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "गळतीलही, वन्सं. आठवडाभरानं सांगते."