हातभर सरकलेलं स्वयंपाकघर

वर्धा जिल्ह्यातल्या तमाम शेतमालकांना, प्लॉटवाल्यांना आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या सख्ख्या भावांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या बाबांनी सरकारी मोजणीदार म्हणून जन्मभर मोजलेल्या जमिनी बरोबर आहेत. कोणीही आपले हद्दीचे दगड उकरून पाहू नयेत. वकिलाकडे धावू नये. बाबांच्या हातून एकच प्लॉट चुकला, आणि तो आमचा होता.

हे जाहीर करायला मला इतका उशीर झाला, कारण बाबा असताना ही गोष्ट घरात कोणी नुसती सुरू केली तरी ते उठून सायकलला तेल द्यायला जात. आमच्या सायकलीइतकी तेलकट सायकल अख्ख्या सिंदी मेघेत नव्हती.

एका जागी बसणं हा प्रकार बाबांना माहीतच नव्हता. आज हिंगणघाटकडे, उद्या आर्वीकडे, कधी सेलूच्या पलीकडे. साखळी, झेंडे आणि दोन शिपाई घेऊन दिवसभर कापसाच्या पराटीतून फिरायचं. बाकीचे मोजणीदार मुक्काम करत, गावच्या पाटलाकडे जेवून तिथंच झोपत. बाबा कधीच थांबले नाहीत. शेवटची एसटी गेली तर कापसाच्या बैलबंडीवर बसून येत, पण घरी येत. खिशात बोरं नाहीतर ओला हरभरा, आणि दारातूनच आईला हाक, की आज काय केलं होतं आणि त्यातलं उरलंय का.

सकाळी आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या तेच घालत. आईला चुलीपासून फुरसत नसे हे एक कारण, आणि आईने काढलेला भांग त्यांना पसंत नसे हे दुसरं. मला पाटावर बसवून, एक डोळा मिटून, कंगव्याचं टोक कपाळाच्या मधोमध टेकवायचे आणि म्हणायचे, “हलू नको, नाई त लाइन चुकते.” मग जो भांग पडायचा तो असा, की शाळेत बाई फळ्यावर रेघ मारताना पट्टी सापडली नाही तर माझ्याकडे बघायच्या. निदान मला तरी तसं वाटायचं.

आता साखळीचं सांगते. त्या काळी जमीन मोजायची ती लोखंडी साखळीने. लांब कड्या, आणि दर दोन कड्यांमध्ये लहान गोल रिंगा. कचेरीची साखळी सरकारी, ती बाबा घरी आणत नसत. घरी होती ती कचेरीतून भंगारात निघालेली एक म्हातारी साखळी. बाबांनी ती मायेने आणली आणि आईने तितक्याच मायेने अंगणात दोन खांबांना ताणून बांधली, कपडे वाळत घालायला. भाड्याचं घर बदललं की साखळी आमच्याबरोबर यायची आणि पुन्हा अंगणात चढायची. ओल्या गोधड्या, सतरंज्या, बाबांच्या जाड खाकी पँटी, सगळा भार तिने वर्षानुवर्षं सोसला. भाराने रिंगा हळूहळू उघडत गेल्या. साखळी लांब होत होती. कोणाच्या लक्षात येणार?

मग सिंदी मेघेत प्लॉट घेतला. आईचं लग्न झाल्यापासूनचं एकच मागणं होतं, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा. भाड्याच्या खोल्यांत कोपऱ्यात चुलीपुढे उकिडवं बसून तिचे गुडघे कामातून गेले होते. ओटा लांब व्हावा म्हणून बाबांनी ठरवलं, की स्वयंपाकघराची भिंत थेट हद्दीवर घ्यायची, इंचभर जागा सोडायची नाही.

पाया आखायच्या दिवशी कचेरीतला एक मित्र सरकारी साखळी घेऊन हजर झाला. बाबांनी त्याला परत पाठवलं. सरकारी वस्तू घरकामाला लावायची नाही हा त्यांचा नेम. मग मोठ्या दिमाखात त्यांनी अंगणातली साखळी सोडवली. इकडे भाड्याच्या घरी आई ओले कपडे तुरीच्या काड्यांच्या कुंपणावर टाकत होती आणि तिकडे प्लॉटवर बाबा पार कोपऱ्यावरच्या दगडापासून, मधले प्लॉट ओलांडत, मोजत येत होते. दर साखळीला चूक थोडी थोडी वाढत होती. बाबांचा चेहरा मात्र असा, की जणू सरकारने त्यांना नवा जिल्हा आखायला सांगितलाय.

घर झालं. काळ्या फरशीचा ओटा झाला. पहिल्या दिवशी आईने आम्हा चौघांसाठी पंगतीला पुरेल एवढा स्वयंपाक केला, कारण तिला तिथून हटायचंच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या बाजूचा शेजारचा प्लॉट कितीतरी वर्षं रिकामाच होता. तिथे तरोट्याचं तण माजायचं. मालक सेलूकडचे शेतकरी. ते आणि त्यांची बायको वर्षातून एखाद्या वेळी येत, तरोटा कापत, आईकडून पाणी पीत आणि जात. माणूस शांत, पण आईला त्यांची धास्ती होती. शेतात हातभर धुरा सरकवला म्हणून त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, हे त्यांनीच पाणी पिता पिता तिला सांगितलं होतं.

एका साली कापूस चांगला झाला आणि ते एका रविवारी मिस्त्री घेऊन घर बांधायला आले. सरळ बाबांपुढे हात जोडले, की आखणी तुम्हीच करून द्या, तुम्ही शेजारी असताना दुसऱ्याले कायले बोलवू. बाबा खूश. ते साखळी घ्यायला गेले तर तिच्यावर घरातली सगळी पांघरुणं वाळत होती आणि आई ती काढू देईना. म्हणून मिस्त्रीचा कोरा टेप घेतला.

दगडापासून मोजत आले. टेप संपायचा तिथे संपला आणि बाबा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभे राहिले. परत गेले. परत मोजत आले. मिस्त्री चुन्याचं घमेलं घेऊन उभा. त्याने विचारलं, चुना कुठं टाकू? टेप म्हणत होता, भिंतीच्या आत टाक. बरोबर ओट्याच्या मधून.

बाबांनी आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं, की आज वारा फार आहे, टेप झुलतो, पुढच्या रविवारी आखू. त्या दिवशी तरोट्याचं पान हलत नव्हतं.

मग जो आठवडा गेला तो कोणाच्या वैऱ्याला येऊ नये. बाबा अंगणातून घरात, घरातून अंगणात. साखळी हातात घेऊन एकेक रिंग बोटांनी चाचपत. जेवायला बसले की अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात जात, ओट्यावर हात टेकवत आणि परत येत. सायकलला तेल तर इतकं दिलं की ब्रेक लागेना. आई म्हणाली, “काऊन असे फिरून राह्यले? कुठं बदली झाली का?” तिने मनाने सिरोंचा ठरवूनच टाकलं होतं. त्या जंगलात मुली कुठल्या शाळेत जातील, या काळजीने तीही घरभर फिरू लागली. दोघं फिरतात म्हणून आम्ही दोघी फिरू लागलो. त्या चार खोल्यांत सगळे एकमेकांना धडकत होतो.

आईने आम्हाला बसने केळझरच्या गणपतीला नेलं, बदली टळावी म्हणून. सगळे हात जोडून उभे, आणि बाबा मागे पायऱ्या चढतायत, उतरतायत. पण खरी धोक्याची खूण माझ्या डोक्यावर होती. माझा भांग वाकडा पडू लागला. शुक्रवारी तर तो कपाळापासून निघून थेट कानाकडे गेला. शाळेत बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की घरी सगळं बरं आहे ना.

शनिवारी संध्याकाळी आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. बाबा दारात आले आणि म्हणाले, “हा ओटा आपला नाई.”

आईला वाटलं त्यांना ताप चढला. मग त्यांनी सगळं सांगितलं. साखळी, उघडलेल्या रिंगा, शेजाऱ्याच्या प्लॉटात हातभर घुसलेली भिंत. भिंत पाडावी लागेल, ओटा जाईल, स्वयंपाकघर पुन्हा कोपऱ्यात येईल. आईच्या तव्यावरची पोळी तशीच राहिली. ती करपली.

“तुमी चुना भिंतीच्या बाहेरून टाकला त कोनाले समजते?” ती म्हणाली.

खरंच कोणाला समजलं नसतं. बाबांनी टाकलेला चुना जिल्ह्यात कोणी पुन्हा तपासत नसे. ते शेतकरी तर हात जोडून उभे राहिले असते, वर नारळ दिला असता.

“मले समजते,” बाबा म्हणाले, आणि सायकलकडे गेले.

 रविवारी सकाळी आम्ही उठलो तेव्हा आईने ओट्यावरचे, फळीवरचे सगळे डबे काढून खाटेवर रचले होते आणि ती रिकामा ओटा पुसत होती, चकचकीत, जणू पाहुणे यायचे आहेत.

पाहुणे आलेच. शेतकरी, त्यांची बायको, मिस्त्री, नारळ, कुदळ. बाबा त्यांना थेट आमच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. भिंतीपासून हातभर आत, ओट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, की तुमची हद्द इथून सुरू होते, चूक माझी आहे, मिस्त्री मोकळा असेल त्या दिवशी भिंत पाडून घेतो.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. भिंत आजही उभी आहे. मागच्या अंगणातली तेवढीच जागा आम्ही त्यांना दिली, रीतसर कागद झाले, आणि तो आणलेला नारळ दोन्ही घरांच्या मधोमध फुटला. पण हे सगळं नंतर.  त्या क्षणी स्वयंपाकघरात शेतकऱ्यांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि भावाशी बोलणं टाकणारा तो माणूस ओट्यावरच्या त्या बोटाकडे एकटक बघत होता. बाबा, जन्मात पहिल्यांदा, एका जागी उभे होते. आईचा पदर तोंडाशी. आणि शेतकऱ्यांच्या बायकोने, नवऱ्याच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून टाकलं, “म्हंजे इतके वर्सं आमच्या जागेत सैपाक होऊन राह्यला, अन् आमाले एक डाव जेवाले बोलावलं नाई?”