दर फाल्गुनातला फोटो

बोदवड स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माझे वडील, आबा, खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "पयस फुलला की येत जाय." आमच्याकडे पळसाला पयस म्हणतात. मी अमेरिकेला निघाल्यासारखी गंभीर मान डोलावली. निघालो होतो धुळ्याला, नोकरीला.

धुळं काही साता समुद्रांपलीकडे नाही. पण गावात राहिलेल्या आणि गाव सोडलेल्या माझ्या माणसांनो, परकं व्हायला तेवढंही अंतर पुरतं. मी 'हाये' म्हणत आलो, इथे सगळे 'शे' म्हणतात. पोरं इथलीच, तीही 'शे' म्हणतात. मी दोघांच्या मधे ऑफिसातलं 'आहे' बोलत बसतो. पूर्वी गावी जायला कारण लागायचं नाही. आता रजा, लग्नाची पत्रिका आणि बायकोचा मूड, तिन्ही एका दिवशी जुळावे लागतात.

आबा गेले. शेतातला माझा हिस्सा मी धाकट्या भावाच्या, वसंताच्या नावावर करून दिला. अट एकच घातली: बांधावरचा पळस तोडायचा नाही. आबा त्याच्याखाली भाकरी खायचे. मी त्याच्याखाली दहावीचा अभ्यास केला, म्हणजे झोपा काढल्या. सही करताना मला स्वतःचा मोठेपणा फार आवडला होता. तेव्हापासून दर फाल्गुनात वसंता झाडाचा फोटो पाठवतो, आई फोनवर "लालभडक झाला रे बाप्पा" म्हणते आणि मी तो फोटो ऑफिसभर फिरवतो.

दिवाळीला गेलो की म्हणायचो, शेतात जाऊ. वसंता म्हणायचा, "चिखल हाये भाऊ, बूट खराब व्हतीन." मला ते लगेच पटायचं. बूट नवे असायचे.

यंदा एका रविवारी इथल्या वनस्पती उद्यानात गेलो. सोबत बायको आणि वसंताची मुलगी कोमल. ती शिकायला आमच्याकडेच राहते. काटेसावर, पांगारा, पळस, सगळे एकदम फुललेले. प्रत्येक झाडाला नावाची पाटी होती, तरी मी तिथल्या म्हाताऱ्या माळीबुवांना पळस समजावून सांगायला लागलो.

"अहो, त्यांनीच वाढवलंय ते," बायको म्हणाली.

मी फोन काढला. "आणि हे बघा, आमचं. आमच्या बांधावरचं."

माळीबुवांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "तुमना वावरमा किलोमीटरना दगड शे का, भाऊ?"

खोडामागे खरंच पिवळ्या डोक्याचा दगड होता. इतकी वर्षं मला फुलंच दिसत होती. मी कोमलकडे पाहिलं. ती आपल्या चपलांकडे पाहत होती.

"काका, फोटो मीच काढते, गावी गेली की," ती म्हणाली. "रोडवरच्या झाडाचा. आपलं तर केळी लावली तेव्हाच तोडलं. पप्पा म्हणे, काकाले सांगू नको. आजीबी म्हणे."

आजीबी म्हणे. मी जवळच्या बाकावर बसलो आणि तिथूनच वसंताला फोन लावला.

"पयस कुठे आहे, वसंता?"

"कोमलनं सांगतलं का? केयीवर सावली पडे, भाऊ. वाढच होये ना."

"मग मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हटला असता. अन् आबांनी तुले काय सांगतलं होतं? कितीदा आला पाहाले?"

अडचणीत सापडलो की मी जे म्हणतो तेच म्हणालो, "आईला दे."

"तुले वाईट वाटलं असतं रे," आई म्हणाली. "दोन दिवसासाठी येतो तू. हासत ये, हासत जाय, म्हटलं."

वसंतानं पुन्हा फोन घेतला आणि म्हणाला, "ये आता, शेत दाखवतो." बघतो म्हणालो. अजून गेलेलो नाही.

वसंता गावात सगळ्यांशी भांडतो. पाण्यावरून शेजाऱ्याशी, चहात साखर कमी पडली म्हणून आईशी. झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी त्यानं मलाही फोन करून चार शिव्या घालायला हव्या होत्या. मीही घातल्या असत्या, वर्षभर बोललो नसतो, झाड तरीही गेलं असतं. पण मी घरातला राहिलो असतो. त्यांनी सगळ्यांनी मिळून माझी मर्जी राखली. आमच्या घरात मर्जी पाहुण्याची राखतात.