दाजींची कुपाटी

दाजी गेल्याचा निरोप आला आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "चला, गायरानाचा पिच्छा सुटला." असं बोलू नये, कबूल. पण माझ्या या मेहुण्याच्या घरी ज्यानं एक उन्हाळा काढलाय, तो मला बोल लावणार नाही.

उंद्रीजवळच्या त्यांच्या गावात होळी झाली की गायरानातलं वाळलं गवत पेटवायची रीत. राखेवर हिरवं लवकर फुटतं, हा सगळ्यांचा समज. दाजी सरपंच झाले आणि त्यांनी ते बंद पाडलं. वर अर्ध्या गायरानाला बोरीच्या काट्यांची कुपाटी, म्हणजे कुंपण, घातली. आत जनावर दिसलं की थेट कोंडवाड्यात. जेवायला बसावं तर ताटाशेजारी दोन ढेकळं... कुपाटीतलं काळं, मुळ्यांनी गच्च. बाहेरचं फिकं, तुडवलेलं, बोटांत भुगा होणारं. "हुंगून पाहा, पाहुणे. गवत जाळलं त कस धुरात जाते. मुळीत कुजलं त जमिनीतच राह्यते. पन त्याले वर्सं लागतात." वरणात माती पडली तरी यांचं चालूच!

एकदा अक्काची, म्हणजे माझ्या बहिणीची, म्हैस कुपाटीत शिरली. या गृहस्थानं स्वतः दावं धरून ती कोंडवाड्यात नेली. आम्ही पाहुणे कोरा चहा पीत बसलो. "लोकायची कोंडतो, त माही काऊन नाही?" हे उत्तर. अक्का भडकली. "तुमच्या माघारी पयले ते कुपाटीच चुलीत घालतो की नाही पाहा."

दाजी गेल्यावर महिन्याभरानं छकडं जुंपून अक्काला भेटायला गेलो. कुपाटीला खिंडार पडलं होतं. आता अडवणारं कोण, म्हणून पारावरची मंडळी उरलेल्या काट्याही काढायच्या बेतात होती. आत गवत कमरेइतकं. मीही बैल तिथंच सोडले आणि घरी जाऊन टेकलो. अक्का पाणी देऊन बाहेर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हात काट्यांनी ओरबाडलेले.

"तुहे बैल कोंडवाड्यात हायेत," ती म्हणाली. "खिंडार बुजवलं मी."

"अक्के, मी सख्खा भाऊ आहे तुझा."

"म्हशीपेक्षा सख्खा हायेस काय?"

डोकं फिरलं माझं. भिंतीतल्या देवळीत दाजींचं ते काळं ढेकूळ अजून तसंच होतं. त्याच्याकडं न बघताच उठलो. बैल सोडवून आणले, तर पारावरची मंडळी माझ्याकडं पाहत होती. काट्यांना हात लावायची गोष्ट कोणी काढली नाही. मी बैल जुंपले. छकडं कुपाटीपासून दूर, लांबच्या वाटेनं हाकलं.